वांगावर लेसर : क्यू-स्विच्ड, पिको की फ्रॅक्शनल?

केतकी_नाशिक : दुसऱ्या बाळंतपणानंतर माझ्या दोन्ही गालांवर आणि वरच्या ओठावर वांग उमटले. त्वचारोगतज्ज्ञांनी दिलेल्या हायड्रोक्विनोन व ट्रेटिनॉइनच्या मलमाने ते फिके होते, परंतु दर उन्हाळ्यात पुन्हा गडद होते. दोन ठिकाणी चौकशी केली असता एकीकडे क्यू-स्विच्ड एनडी-याग (अतिशय क्षणिक झोतांनी रंगद्रव्य फोडणारे लेसर), तर दुसरीकडे फ्रॅक्शनल सीओटू लेसर (उष्णतेने त्वचेत सूक्ष्म छिद्रे पाडणारे) सुचवण्यात आले. माझा वर्ण सावळा आहे आणि ३०,००० रुपयांपलीकडे खर्च करणे मला शक्य नाही. अनुभवी मंडळींनी कृपया मार्गदर्शन करावे.

मुठाकाठ : मी पुण्यात क्यू-स्विच्ड करून घेतले आणि पूर्ण समाधानी आहे. १०६४ नॅनोमीटरचा हा प्रकाश खोलवर पोहोचतो आणि कमी शक्तीवर वापरल्यास पेशी न जाळता आतले रंगद्रव्य फोडतो, म्हणून सावळ्या त्वचेसाठी तो तुलनेने सुरक्षित मानला जातो. रबरबँडचा फटका बसल्यासारखे वाटते आणि गालावरची लव जळल्याचा वास येतो, एवढेच काय ते सोसावे लागते.

दादर_पश्चिम : खर्च करायचाच असेल, तर पिकोच, म्हणजे पिकोसेकंद लेसरच, करावे. त्याचा झोत सेकंदाच्या लक्षकोटीव्या भागांत मोजला जातो, त्यामुळे उष्णता कमी पसरते. मुंबईतल्या ज्या ठिकाणी मी जाते, तिथे तुमची रक्कम पहिल्या काही सिटिंगमध्येच संपेल, पण चेहऱ्याच्या बाबतीत हात आखडता घेऊ नये.

सह्यकडा : फ्रॅक्शनल सीओटूच्या वाटेला जाऊ नका. ते मुरुमांच्या खड्ड्यांसाठी उत्तम असेल, पण माझ्या पत्नीचे वांग त्यानंतर आधीपेक्षा काळवंडले. उष्णतेने सावळी त्वचा आणखी रंगद्रव्य तयार करते, हे आम्हाला आधी कोणीही सांगितले नाही.

कवडसा : मी आयपीएल लेसर घेतले, मला चांगला गुण आला.

मुठाकाठ : आयपीएल हे लेसर नव्हे. लेसरमध्ये एकाच तरंगलांबीचा प्रकाश असतो, आयपीएलमध्ये अनेक तरंगलांबींचा एकत्रित झोत असतो.

कवडसा : माझ्या पावतीवर लेसर असेच छापलेले आहे आणि डाग गेले आहेत.

निशिगंध : क्यू-स्विच्डच घ्या, वर सांगितलेच आहे. पीलवर, म्हणजे आम्ल लावून त्वचेचा वरचा थर काढण्यावर, मात्र एक पैसाही घालवू नका. माझी त्वचा सोलली गेली आणि डाग होते तिथेच राहिले.

पारिजात : कोणत्याही लेसरने वांग कायमचे जात नाही, आणि उपचार थांबल्यावर काही महिन्यांत ते परतणे नेहमीचेच आहे. क्यू-स्विच्ड घ्यायचे असल्यास मलम चालू ठेवून घ्या, आधी कानाजवळ लहानशा जागी चाचणी करून मागा आणि सिटिंग फार जवळजवळ घेऊ नका, कारण त्याचा अतिरेक झाल्यास पांढरे ठिपके पडतात व ते लवकर भरून येत नाहीत. साधे सनस्क्रीन अतिनील किरण अडवते, परंतु वांग दृश्य प्रकाशानेही गडद होते. त्यासाठी लोह ऑक्साइड असलेले, त्वचेच्या छटेचे सनस्क्रीन घ्या. ट्रानेक्झॅमिक ॲसिडच्या गोळ्यांविषयीही डॉक्टरांना विचारा, मात्र रक्ताच्या गुठळ्यांचा इतिहास असेल तर त्या चालत नाहीत.

दादर_पश्चिम : पिको घेतले तर एवढी पथ्ये लागत नाहीत.

पारिजात : पिकोनंतरही ऊन टाळावेच लागते. कृपया असे सांगू नका.

केतकी_नाशिक : सर्वांचे मनापासून आभार. मी लेसर न घेता ग्लायकोलिक ॲसिडचे सौम्य पील घेण्याचे ठरवले आहे. निशिगंध यांचा अनुभव मी लक्षात घेतला आहे, परंतु माझ्या डॉक्टरांनी अगदी कमी तीव्रतेपासून सुरुवात करण्याचे मान्य केले आहे. वांग परतणारच असेल, तर दर वर्षी झेपेल असाच उपचार मला हवा आहे. लेसरमध्ये सगळी रक्कम एकदाच संपली असती आणि पुढच्या उन्हाळ्यासाठी हाती काही उरले नसते. पारिजात, गव्हाळ सावळ्या रंगाला जुळणारे लोह ऑक्साइडचे सनस्क्रीन घ्यायचे आहे, कारण दुकानात दाखवलेल्या छटा चेहऱ्यावर राखाडी दिसतात. आपण कोणती छटा वापरता?