हकालपट्टी झाली की नेता एकदम ऋषितुल्य कसा होतो?

शेवटचा बाक
जसवंतसिंगांच्या स्मृतिदिनाला, २७ सप्टेंबरला, कुणीतरी लांबलचक गळा काढलेली पोस्ट टाकली होती. सार एवढंच, की ज्यांनी १९८० पासून भाजप वाढवला, परराष्ट्र, अर्थ, संरक्षण अशी तिन्ही खाती सांभाळली, त्यांना २०१४ ला बाडमेरचं तिकीट नाकारलं, आणि अपक्ष उभे राहिले म्हणून सहा वर्षांसाठी काढलं. पक्षाला म्हाताऱ्या माणसांची किंमत नाही, इत्यादी. खाली हात जोडलेल्यांची रांग. तिथे लिहिलं असतं तर वाहून गेलं असतं, म्हणून वेगळा धागा.

माणूस विद्वान होता, मान्य. पण अधिकृत उमेदवारासमोर अर्ज भरायचा, माघारीच्या दिवशी तो मागे घ्यायचा नाही, मग पक्षानं काय औक्षण करायचं? तुमच्या सोसायटीत सेक्रेटरीनं असं केलं असतं तर तुम्हीच ठराव आणला असता.

आणि ‘बाहेरच्याला तिकीट दिलं’ हे दुःख तर मला अजिबात पचत नाही. सोनाराम चौधरी काँग्रेसमधून नुकतेच आलेले, म्हणून ते उपरे. २००९ ला जसवंतसिंग कुठून निवडून आले? दार्जिलिंगमधून. राजस्थानच्या वाळवंटातला माणूस बंगालच्या डोंगरात. तिथे वर्षानुवर्षं झेंडा धरून उभ्या असलेल्या पोरावर कुणी पोस्ट लिहिली होती का? तेव्हा ‘बाहेरचा’ चालला, कारण बाहेरचे आपण होतो.

सगळ्यात गंमत लोकांची. १९९९ च्या विमान अपहरणात ओलिसांच्या बदल्यात सोडलेल्या अतिरेक्यांसोबत विमानातून कंदाहारला गेले म्हणून ज्यांनी दहा वर्षं त्यांना सोललं, तेच आता ‘असा नेता होणे नाही’ म्हणतात. हकालपट्टी म्हणजे काय गंगास्नान आहे?

ओसरी
२०१४ वर एवढं लिहिलंत, त्याच २००९ च्या ऑगस्टमधलं मात्र सफाईनं गाळलंत. तेव्हा कुठलं बंड होतं? जिनांवर पुस्तक लिहिलं, एवढाच गुन्हा. चिंतन बैठकीसाठी माणूस शिमल्याला जाऊन पोचलेला, आणि त्याला फोनवर कळवलं की तुम्हाला पक्षातून काढलंय. फोनवर! घरकाम करणाऱ्या बाईंनासुद्धा आपण समोर बसवून सांगतो.

अडवाणी २००५ ला कराचीत जाऊन जिनांबद्दल बरं बोलले. त्यांचं अध्यक्षपद गेलं, पण पक्षातून काढायची कुणाची छाती झाली का? म्हणजे नियम माणूस बघून लागतो. आणि २०१० मध्ये जसवंतसिंगांना परत घेतलं. शिस्तभंग एवढा घोर होता तर वर्षाच्या आत धुतला कसा गेला?

बाडमेरला अपक्ष म्हणून त्यांना चार लाखांवर मतं पडली. पडले ते ८७ हजारांनी. ‘अ‍ॅडजस्ट करू’ म्हणणाऱ्यांना त्यांनी सुनावलं होतं की मी काही फर्निचर नाही. तुमच्या सोसायटीच्या सेक्रेटरीला ही भाषा वापरून बघा.

काळी चार
जसवंतसिंगांपर्यंत कशाला जाता, आपल्या अंगणात या. २० मे १९९९. शरद पवार, संगमा, तारिक अन्वर, तिघांची काँग्रेसमधून सहा वर्षांसाठी हकालपट्टी. कारण सोनियांचं विदेशी मूळ. ऑक्टोबरमध्ये निकाल लागला, काँग्रेस ७५, राष्ट्रवादी ५८. की लगेच विलासरावांच्या मंत्रिमंडळात मांडीला मांडी. सहा वर्षं पाच महिन्यांत संपली. ७५ मध्ये ५८ मिळवले की विदेशी मूळ विरघळतं, हा शोध महाराष्ट्राचा.

ऊसवाला
आले पवार! धागा पावसावर काढा की पोहे कसे भिजवावेत यावर, तिसऱ्या प्रतिसादात पवार येणारच.

काळी चार, सरकारात शेजारी बसणं वेगळं आणि पक्षात परत जाणं वेगळं. ज्याची हाकालपट्टी झाली तो परत गेला नाही, स्वतःचा पक्ष काढून आला आणि ज्यांनी काढलं त्यांनाच त्याच्या दारात यावं लागलं. याला राजकारण म्हणतात. आमच्या भागात या, पवारसाहेबांनी काय केलंय ते शेतावर दाखवतो.

अनुस्वार
‘हकालपट्टी’. ‘हाकालपट्टी’ नव्हे. हाकलणे ही क्रिया असली तरी शब्द हकालपट्टी असाच रूढ आहे. चालू द्या.

काळी चार
@ऊसवाला, शेतावर बोलावताय तर १९७८ पण दाखवा. वसंतदादांचं सरकार आतून पाडून ३८ व्या वर्षी मुख्यमंत्री. खंजीर हा शब्द मी नाही आणला, महाराष्ट्र गेली कित्येक वर्षं वापरतोय. स्वतः आयुष्यभर बंड करायचं आणि २०२३ ला पुतण्यानं केलं की लोकांच्या डोळ्यांत पाणी. ‘या वयात साहेबांवर ही वेळ!’ शेवटचा बाक म्हणतात ते हेच.

शेवटचा बाक
मी हे म्हटलेलं नाही. मला पवार प्रकरणात ओढू नका, माझा धागा आहे.

ऊसवाला
@काळी चार, तुला कळतं किती आणि बोलतोस किती. खंजीर खंजीर करत तुमची पिढी म्हातारी झाली.

काळी चार
अरे-तुरे नको. मी बासष्ट वर्षांचा आहे.

ऊसवाला
मग बासष्ट वर्षांच्या माणसासारखं लिहा.

पाटावरवंटा
भांडणं बाजूला ठेवून एक सांगा. १२ नोव्हेंबर १९६९ ला काँग्रेसनं इंदिरा गांधींना काढलं. राष्ट्रपतिपदाला पक्षाचे उमेदवार संजीव रेड्डी असताना अपक्ष व्ही. व्ही. गिरींना बळ दिलं, म्हणजे शेवटचा बाक यांच्या हिशोबानं शंभर टक्के बंड. १९७१ ला बाई ३५२ जागा घेऊन आल्या. काढणारे पक्षाध्यक्ष निजलिंगप्पा आज किती जणांना आठवतात? तेव्हा शिस्त कुणाची खरी हे निकालाच्या दिवशी ठरतं, तोपर्यंत सगळे बंडखोरच.

नारायण राण्यांचंही बघा. २००५ ला बाळासाहेबांनी काढलं, काँग्रेसमध्ये येऊन महसूलमंत्री. २००८ च्या डिसेंबरात मुख्यमंत्रिपद हुकलं म्हणून थयथयाट केला, काँग्रेसनं निलंबित केलं. मग निलंबन मागे, आणि ज्यांच्या नेमणुकीवरून चिडले त्या अशोक चव्हाणांच्याच मंत्रिमंडळात बसले. आता सांगा, कोणाला वाईट वाटून घ्यायचं आणि किती महिने?

अर्धा वकील
निलंबन, हकालपट्टी आणि स्वतःहून पक्ष सोडणं यांची इथे खिचडी झाली आहे. फरक महत्त्वाचा आहे आणि लोकांना कळत नाही म्हणून लिहितो.

राज्यघटनेच्या दहाव्या अनुसूचीनुसार, म्हणजे पक्षांतरबंदी कायद्यानुसार, निवडून आलेल्यानं ‘स्वेच्छेनं’ पक्ष सोडला की त्याची आमदारकी-खासदारकी जाते. पक्षानं काढलं तर तेवढ्यानं जात नाही. म्हणून मुरलेला बंडखोर कधी राजीनामा देत नाही. तो रोज पत्रकार परिषद घेतो, ‘मी निष्ठावंत आहे’ म्हणतो आणि पक्ष वैतागून कधी काढतोय याची वाट बघतो. पक्षालाही हे माहीत असतं, म्हणून पक्ष काढत नाही, नुसती नोटीस धाडतो. दोघे एकमेकांकडे बघत बसलेले असतात. तुम्ही ज्याला निर्घृण हकालपट्टी म्हणता ती बऱ्याचदा मागून घेतलेली असते.

पुढची मेख अशी, की १९९६ च्या विश्वनाथन खटल्यात सुप्रीम कोर्ट म्हणालं, काढला तरी सभागृहात तो त्याच पक्षाचा धरायचा. दुसऱ्या पक्षात गेला तर त्यानं स्वेच्छेनं पक्ष सोडला असं समजायचं.

पाटावरवंटा
म्हणजे नवऱ्यानं घराबाहेर काढायचं, पण मंगळसूत्र काढलं तर चूक बाईची?

अर्धा वकील
उपमा आवडली नाही, पण कायदेशीरदृष्ट्या चुकीची नाही.

ओसरी
वकीलसाहेब, मुद्दा भावनेचा चाललाय. पंचाहत्तरी पार केलेल्या माणसाला कलमं दाखवून काय उपयोग? बाडमेरनंतर काही महिन्यांत ते पडले, डोक्याला मार लागला, आणि सहा वर्षं अंथरुणावरून उठले नाहीत. तेही कलमातच बसवा.

ऊसवाला
नेत्यांचं काय घेऊन बसलात. ते पडतात तेही गादीवर. आणि कार्यकर्त्यांचं तर विचारूच नका, ज्याचा झेंडा त्याची गाडी. नेता गेला की मागे पळतात, आला की पुन्हा मागे येतात. त्यांना कोण काढतंय आणि कोण घेतंय!

तिसरी रांग
एवढा वेळ वाचत होते. @ऊसवाला, तुम्हाला सांगते कोण काढतं.

माझे बाबा तालुक्यात एका पक्षाचं काम करायचे. पक्षाचं नाव लिहीत नाही, नेत्याचंही नाही. आमच्याकडच्या मोठ्या नेत्यानं विधानसभेला बंड केलं. बाबा त्याच्याबरोबर गेले. घरातली मोटरसायकल, डिझेल, आईचे शिवणाचे पैसे, सगळं त्या एकवीस दिवसांत गेलं. नेता पडला.

आठवड्यानं बाबांना पत्र आलं. झेरॉक्स होती. ‘श्री.’ च्या पुढे रिकामी जागा आणि तिथे निळ्या पेननं बाबांचं नाव, तेही आडनावात चूक करून. खाली छापील ओळ, ‘पक्षविरोधी कारवायांबद्दल आपणांस सहा वर्षांकरिता निष्कासित करण्यात येत आहे.’ बाबांनी ते पत्र रेशनकार्ड आणि सातबारा असलेल्या फोल्डरमध्ये ठेवलं. का ठेवलं विचारलं तर म्हणाले, पक्षाचं माझ्या नावावर आलेलं हे पहिलंच पत्र आहे.

दीड वर्षात नेता परत पक्षात. मोठा मेळावा, भगवे-हिरवे-तिरंगी जे काय असतील ते फेटे. बाबांना निरोप आला, दोन जीप माणसं आणा. आणली. मंडपाच्या तोंडाशी एका पोरानं बाबांना बाजूला घेतलं, ‘काका, तुमचं अजून पत्र निघालं नाही, तुम्ही स्टेजमागे थांबा.’ बाबा जनरेटरजवळ उभे राहिले. आणलेली माणसं आत, आणणारा बाहेर.

बाबांनी सहा वर्षं मोजली. शप्पथ मोजली, कॅलेंडरवर खूण होती. ज्या दिवशी भरली त्या दिवशी इस्त्रीचा सदरा घालून तालुका कार्यालयात गेले. तिथल्या नव्या माणसानं वही चाळली आणि सांगितलं, काका, तुमचं नाव कुठेच नाही. काढलेल्यांतही नाही आणि असलेल्यांतही नाही.

आता बोला झेंडा आणि गाडी.

ऊसवाला
ताई, माझं लिहिणं मागे घेतो. नेत्यांबद्दलचं तेवढं राहू द्या.

शेवटचा बाक
अगदी हेच मला म्हणायचं होतं. जसवंतसिंगांसाठी हात जोडणाऱ्यांनी अशा काकांसाठी एकदा तरी जोडावेत. तिसरी रांग, तुमच्या वडिलांचं उदाहरण म्हणजे माझ्या मुद्द्याचा पुरावाच आहे.

तिसरी रांग
नाही. माझ्या बाबांची खुंटी करून तुमची टोपी अडकवू नका. तुम्ही वर लिहिलंय, बंड केलं तर पक्षानं औक्षण करायचं का. बाबांनी बंडच केलं होतं, आणि ते आजही म्हणतात की माणूस बरोबर होता, तिकीट विकलं गेलं होतं. तुमचा नियम ठीक असेल हो, पण तो पूर्ण सहा वर्षं आमच्याच घराला लागला. नेत्याला दीड वर्ष. औक्षणही त्याचंच झालं.

शेवटचा बाक
बरं. सोसायटीची उपमा मागे. दार्जिलिंगचं मागे घेणार नाही.

ओसरी
अभिनंदन! वीस प्रतिसादांनंतर आपल्याला कळलं की नियम माणूस बघून लागतो. मी दुसऱ्याच प्रतिसादात लिहिलं होतं, पण माझ्याकडे झेरॉक्स नव्हती.

पाटावरवंटा
सांगली २०२४ विसरू नका. काँग्रेसचे विशाल पाटील महाविकास आघाडीच्या उमेदवारासमोर अपक्ष उभे राहिले, लाखभर मतांनी आले, आघाडीचे चंद्रहार पाटील तिसरे. निकालानंतर काँग्रेसला पाठिंब्याचं पत्र दिलं, सगळे खूश. नाशिक पदवीधरला २०२३ मध्ये काँग्रेसच्या सत्यजित तांब्यांना मतदानाआधीच निलंबित केलं होतं, ते बिचारे निवडून येऊनही बाहेर. काढायची घाई केली की असं होतं. निकाल बघून काढावं.

काळी चार
विशाल पाटील म्हणजे वसंतदादांचे नातू. पुन्हा १९७८ वरच आलो बघा.

ऊसवाला
झोपा आता.

अर्धा वकील
तिसरी रांग, तुमच्या वडिलांच्या बाबतीत दहावी अनुसूची लागू होत नाही. पण पक्षाच्या घटनेप्रमाणे आधी कारणे दाखवा नोटीस यायला हवी होती. ती न देता थेट निष्कासन केलं असेल तर त्या पत्रावर आक्षेप घेता आला असता. पत्रावर जावक क्रमांक आहे का?

तिसरी रांग
आत्ता फोल्डर काढून बघितलं. ‘जा. क्र.’ लिहिलंय, पुढे टिंबं आहेत.

अनुस्वार
‘निष्कासित’ बरोबर लिहिलंय त्यांनी. आडनाव मात्र चुकवायला नको होतं.