बंटीची फाईल उघडून नाही रायली

बंटी: कोणी जागं हाय का? ताईच्या लग्नाच्या व्हिडिओचा प्रोजेक्ट उघडून नाही रायला. सांजच्याला वारा सुटला अन लाईन गेली, नेमका तवाच मी सेव्ह मारला होता, यूपीएस तर मागच्या उन्हाळ्यातच मेली. आता प्रीमियर, ते व्हिडिओ कापाचं सॉफ्टवेअर, म्हणते फाईल खराब झाली, उघडत नाही. परवा जावई धोंड्याच्या जेवणाले येऊन रायले, त्यायले टीव्हीवर काय दाखवू

मोठीआई: अगं माय. म्हणजे सीडी गेली का पूरी? हळदीचं बी?

मोठेबाबा: म्या तवाच म्हणलं होतं पूरं फोटोवाल्यालेच द्या

फुवाजी: नाव बदलून शेवटी एमपी४ लिव, चालू होते

पिंटूदादा: नाही हो फुवाजी, त्या फाईलीत व्हिडिओ नसतेच. आहेराची वही असते ना, कोणी किती देले ते लिवलेलं असते पण पैसे काही वहीत नसते, तशी ते फाईल हाय. कोणती क्लिप कोणत्या डिस्कमध्ये, कुठून कापली, कोणतं गाणं लावलं, एवढंच तिच्यात. मोठीआई शूटिंग कुठीच नाही गेलं, हार्ड डिस्कमध्ये हाय. बंट्या फाईलची साईज पाह्य

बंटी: ० केबी

पिंटूदादा: मंग ते कोरी वही झाली, सोड. थोडं काही असतं तर नवा प्रोजेक्ट करून त्यात जुना इम्पोर्ट मारला असता, तसं बरेचदा निघते. आता जिथं प्रोजेक्ट ठेवला तिथंच ऑटो-सेव्ह नावाचं फोल्डर असन, त्यात तारीख वेळ टाकलेल्या फाईली भेटतीन. तुह्या जुन्या व्हर्जनात दर १५ मिनिटाले एक होते, तू सेटिंग बदलली नसन तर

बंटी: हाय!! १७ हायेत. शेवटची ५.४१ ची, लाईन गेली ५.५० ले

पिंटूदादा: नशीब बे तुह्यं. तिची कॉपी कर, कॉपी दुसरीकडं ठेव अन तेच उघड, मूळ फाईलले हात नको लावू

ताई: 🙏🙏 यांना काही सांगू नका अजून

बंटी: उघडली पण सारं लाल दिसून रायलं, मीडिया ऑफलाइन लिवलं हाय धा भाषेत

मोठीआई: लाल म्हणजे आता काय

पिंटूदादा: काही नाही मोठीआई, वहीत पत्ता जुना हाय. बंट्या हार्ड डिस्क काढून लावली का तू?

बंटी: हो, दुसऱ्या पोर्टात

पिंटूदादा: म्हणून. आधी ई ड्राईव्ह असन आता एफ झाली. लिंक मीडियात जा अन एक क्लिप कुठी हाय ते दाखव, त्याच फोल्डरातल्या बाकीच्या ते आपणच शोधते. कॅमेऱ्यातल्या क्लिपांची नावं तर बदलली नाही ना?

बंटी: नाही. आलं! हळद आली, मोठीआई नाचून रायल्या

मोठीआई: ते काढून टाक

मोठेबाबा: काढू नको

फुवाजी: पुण्याच्या पोट्ट्याले पाठव, त्याचा कंप्युटर भारी हाय

पिंटूदादा: नका पाठवू. त्याच्याजवळ नवीन व्हर्जन हाय, त्यानं उघडून सेव्ह केली की बंट्याच्या जुन्यात ते उघडतच नाही. वरती नवीन जाते, खाली येत नाही. तशी ते फाईल आतून दाबून ठेवलेलं एक्सएमएल, म्हणजे साधं लिवलेलं, असते, झिपसारखी खोलून व्हर्जनचा आकडा १ केला तर जुन्यात घुसते पण, माह्या एका मित्राचं काम असंच निघालं, पण नवे इफेक्ट उडतात अन या टाइमाले तो धंदा कोण करन. बंट्या उरलेलं ९ मिनिटाचं काम पुन्हा करजो, पण आधी हाय तेवढं एक्सपोर्ट लाव, म्हणजे टीव्हीवर चालन असा व्हिडिओ बनन, नागपुरात आभाळ भरून आलं

बंटी: लावलं. ४० मिनिट दाखवून रायलं. घरची मोटर कोणी चालू करू नका, व्होल्टेज पडते

मोठेबाबा: टाकी रिकामी हाय

बंटी: मोठेबाबा ४० मिनिट फक्त

मोठेबाबा: बरं. हिरीवर जाऊन धुतो मी आंग