खजिनदारांचा कॉम्प्युटर आणि तीन अँटीव्हायरस

[शनिवार]

६:१२ बी-५०३ (खजिनदार): नमस्कार. मेंटेनन्सची बिलं आज जाणार नाहीत. हिशेबाची एक्सेल फाइल कॉम्प्युटरवरून गायब झाली आहे. सकाळी होती, दुपारी नाही. मी डिलीट केलेली नाही.

६:१३ डी-३०२: काही घाई नाही हो काका. पुढच्या महिन्यात पाठवलीत तरी चालेल 😄

६:१५ सेक्रेटरी: काका, रिसायकल बिन बघितलं का?

६:२१ बी-५०३ (खजिनदार): बघितलं. रिकामं आहे. तेवढं बघायलाच वीस मिनिटं गेली, कारण मशीन चालतच नाही. माउस आधी हलतो, बाण मागून येतो. घरात तीन-तीन अँटीव्हायरस असून ही अवस्था!

६:२१ ए-७०४: तीन?? 😳

६:२५ बी-५०३ (खजिनदार): एक लॅपटॉपबरोबरच आला होता. तो बेकार आहे म्हणून पुतण्याने दुसरा टाकून दिला. तिसरा विंडोजचा स्वतःचा. एकाच्या नजरेतून सुटलं तर दुसरा पकडेल, असा माझा हिशेब.

६:२६ सेक्रेटरी: चुकीचं काय त्यात? रात्रीला आपण दोन वॉचमन ठेवले ते त्याचसाठी.

६:३४ सी-२०१: सेक्रेटरीसाहेब, वॉचमनचा दाखला इथे लागू पडत नाही. (हेच माझं रोजचं काम आहे, म्हणून मध्ये बोलतेय.) आपले दोघे काम वाटून घेतात, एक गेटवर, एक पार्किंगमध्ये. अँटीव्हायरस वाटून घेत नाहीत. दोघंही एकाच दाराची कडी धरून उभे राहतात.

होतं असं, की अँटीव्हायरस विंडोजच्या अगदी गाभ्यात, कर्नलमध्ये, आपला फिल्टर ड्रायव्हर बसवतो. कुठलाही प्रोग्राम कुठलीही फाइल उघडायला गेला की हा वाटेत अडवतो, तपासतो, मग सोडतो. तपासायला त्यालाही ती फाइल वाचावी लागते. तो वाचायला लागला की दुसऱ्याला वाटतं, कोणीतरी फाइल उघडतंय, थांबा, मी बघतो. एक्सेल बिचारं दोघांची खात्री पटेपर्यंत ताटकळत बसतं. विंडोज सुरू होताना अशा हजारो फायली उघडतात. तुमचा बाण मागून येतो तो ह्यामुळे.

६:३७ सी-२०१: आणि अजून एक गंमत. प्रत्येकाकडे व्हायरसच्या खाणाखुणांचा साठा असतो, सिग्नेचर म्हणतात त्याला. एका वॉचमनच्या खिशात दुसऱ्याला चोरांचे फोटो सापडले आणि त्याने त्यालाच चोर म्हणून धरलं, असं समजा. हल्ली हा साठा बहुतेक एन्क्रिप्ट करून, म्हणजे सांकेतिक रूपात, ठेवतात, त्यामुळे प्रकार कमी झालाय. बंद नाही झालेला.

६:३८ बी-५०३ (खजिनदार): म्हणजे तिघं आपसात भांडतायत?

६:४० सी-२०१: दोघं. तिसरा बहुतेक झोपलाय. विंडोजमध्ये बाहेरचा अँटीव्हायरस टाकला आणि त्याने विंडोजकडे रीतसर नोंद केली, की डिफेंडर, म्हणजे विंडोजचा स्वतःचा अँटीव्हायरस, आपणहून बाजूला होतो. मायक्रोसॉफ्टने ती सोय मुद्दाम ठेवली आहे, हा गोंधळ होऊ नये म्हणून. पण बाहेरचे दोन एकमेकांसाठी असे बाजूला होत नाहीत.

६:४१ ए-७०४: काका सोप्पंय. कंट्रोल पॅनल, दोन्ही अनइन्स्टॉल, रीस्टार्ट. पाच मिनिटांत मशीन उडायला लागेल 🚀

६:४१ सी-२०१: थांबा!!

६:४१ सी-२०१: काका, काहीही काढू नका

६:४३ सी-२०१: फाइल गायब झाली म्हणजे दोघांपैकी एकाने ती उचलून क्वारंटाइनमध्ये, म्हणजे संशयित फायली कोंडून ठेवायच्या जागेत, टाकली असणार. हा क्वारंटाइन त्या-त्या अँटीव्हायरसच्या स्वतःच्या ताब्यात असतो. प्रोग्राम काढला की कित्येकदा आतल्या फायलीही त्याच्याबरोबर जातात. आधी फाइल शोधायची. साफसफाई नंतर.

६:४४ ए-७०४: ओह. सॉरी काका 🙈

६:४४ बी-५०३ (खजिनदार): अरे मी अनइन्स्टॉलवर क्लिक केलं होतं. अजून उघडलेलंच नाही. पहिल्यांदाच मशीन हळू आहे याचा फायदा झाला.

६:४५ सी-२०१: कॅन्सल करा. मग प्रत्येक अँटीव्हायरस उघडा आणि क्वारंटाइन किंवा हिस्टरी असं काही दिसतंय का बघा. आज दुपारच्या नोंदी बघायच्या.

६:५२ ए-१०२: पांढरी गाडी माझ्या गाडीच्या मागे लावलीय. ज्यांची असेल त्यांनी कृपया काढा.

६:५३ बी-४०१: काढतो, दोन मिनिटं.

६:५८ ए-१०२: विषय निघालाच आहे तर विचारते. माझ्या स्क्रीनवर उजव्या कोपऱ्यात खाली सारखं येतं, ५ व्हायरस सापडले, लगेच साफ करा. मी दाबलं नाही अजून. दाबू का?

६:५९ सी-२०१: अजिबात नको काकू. तो अँटीव्हायरस नाहीच. कुठल्यातरी वेबसाइटने नोटिफिकेशन पाठवू का विचारलं असणार आणि चुकून ‘अलाउ’ दाबलं गेलं असणार. ब्राउझरच्या सेटिंगमध्ये नोटिफिकेशन्सची यादी असते, तिथून ती अनोळखी साइट काढून टाका, बंद होईल. त्यात फोन नंबर दिसला तर त्यावर फोनही करू नका. काकांच्या यादीत तिसऱ्या-चौथ्या नंबरला असलेच पाहुणे येऊन बसतात.

७:०९ बी-५०३ (खजिनदार): सापडली! पुतण्याने टाकलेल्याच्या क्वारंटाइनमध्ये आहे. वेळ दुपारी १:४०. व्हायरसच्या नावात ‘मॅक्रो’ आणि ‘जेनेरिक’ असे शब्द आहेत. आता हो? आपल्या हिशेबात व्हायरस?

७:१६ सी-२०१: नावात जेनेरिक असलं की समजायचं, ओळखीचा अमुक एक चोर सापडलेला नाही, नुसती चालचलणूक संशयास्पद वाटली. आपल्या फाइलमध्ये आधीच्या खजिनदारांनी लिहिलेला मॅक्रो, म्हणजे फाइलच्या आतला छोटा प्रोग्राम, आहे ना, बटण दाबलं की आउटलुकमधून सगळ्या फ्लॅटना बिलाची मेल जाते तो? एक्सेल फाइल आपणहून पन्नास-साठ पत्त्यांवर मेल पाठवते म्हटल्यावर कुठलाही अँटीव्हायरस भुवया उंचावणारच. १९९९ च्या मार्चमध्ये मेलिसा नावाचा व्हायरस असाच पसरला होता. वर्डच्या फाइलमधला मॅक्रो आउटलुकच्या यादीतल्या पहिल्या ५० पत्त्यांवर स्वतःला मेल करत सुटला होता.

७:१७ डी-३०२: आपली बिलं म्हणजे व्हायरसच, हे मी पहिल्यापासून सांगतोय.

७:१८ ए-७०४: ताई, व्हायरसटोटल या साइटवर टाकून बघूया का? तिथे सत्तर-एक अँटीव्हायरस इंजिनं एकदम चेक करतात

७:१८ सेक्रेटरी: बघा! तिथे सत्तर चालतात आणि आमच्या काकांनी तीन ठेवले तर गुन्हा?

७:२५ सी-२०१: 😀 सत्तर आहेत, पण तिथे कोणी दारावर उभं नसतं. फाइल हातात दिली की प्रत्येक इंजिन ती बघून मत सांगतं आणि मोकळं होतं. व्हायरसटोटल २००४ पासून आहे, २०१२ मध्ये गूगलने घेतलं, उत्तम सोय आहे, मी रोज वापरते. शिवाय सत्तरांतल्या दोन-तीन इंजिनांनी बोंब मारली म्हणून फाइल वाईट ठरत नाही, हेही तिथेच शिकायला मिळतं. जितकी इंजिनं जास्त तितके खोटे अलार्मही जास्त.

पण ही फाइल तिथे टाकायची नाही. वर चढवलेली फाइल अँटीव्हायरस कंपन्यांना आणि पैसे भरणाऱ्या अभ्यासकांना बघता येते. त्यात प्रत्येकाचं नाव, फोन, ईमेल आणि थकबाकी आहे.

७:२६ डी-३०२: ताईंना माझा पूर्ण पाठिंबा.

७:२८ सेक्रेटरी: गेल्या महिन्याची फाइल काकांनी मला मेल केली होती. ती देऊ का?

७:२९ सी-२०१: हेच हवं होतं. काका, तुम्ही क्वारंटाइनमधून रिस्टोअर करा, पण फाइल उघडू नका. मी येते वर.

[रविवार]

११:०५ बी-५०३ (खजिनदार): सर्वांना कळवण्यास आनंद होतो की फाइल सुखरूप आहे. सी-२०१ मॅडम काल साडेनऊपर्यंत बसल्या होत्या.

११:१९ सी-२०१: काय केलं ते लिहून ठेवते, कोणाला लागेल. दोन्ही फायली मॅक्रो बंद ठेवून उघडल्या आणि आतला कोड शेजारी-शेजारी ठेवून वाचला. ओळ न् ओळ तीच. म्हणजे अलार्म खोटा होता. तरी फाइल आता मॅक्रोशिवाय सेव्ह केली आहे, बिलं काका हाताने पाठवतील.

काल संध्याकाळी फाइल रिस्टोअर होताना जे दिसलं ते सांगण्यासारखं आहे. पुतण्याच्या अँटीव्हायरसने फाइल परत ठेवली, त्याच क्षणी दुसऱ्याने ती नवी फाइल म्हणून तपासायला धरली. पहिल्याला वाटलं, संशयित फाइलला कोणीतरी हात लावतंय, त्याने परत खिडकी उघडली. चार मिनिटांत नऊ सूचना आल्या. काका प्रत्येकीला ‘ओके’ करत होते.

११:२१ बी-५०३ (खजिनदार): मला वाटलं, काम चाललंय जोरात.

११:३० सी-२०१: मग दोन्ही काढले. एक काढायचा, रीस्टार्ट, मग दुसरा, रीस्टार्ट. नुसत्या अनइन्स्टॉलने ड्रायव्हरचे अवशेष राहतात, म्हणून बहुतेक कंपन्या स्वतःचं वेगळं रिमूव्हल टूल देतात. ते त्यांच्याच साइटवरून घ्यायचं, सर्चमध्ये वर जाहिरात येते तिथून नाही. दुसरा निघाल्यावर डिफेंडर आपोआप जागा झाला. खात्री करायची तर विंडोज सिक्युरिटी उघडा, सेटिंग्ज, मॅनेज प्रोव्हायडर्स. तिथे अँटीव्हायरसखाली कोण चालू आहे, कोण बंद, ते दिसतं.

११:३२ बी-६०२: मी गेली आठ-दहा वर्षं दोन ठेवतोय. एक विकतचा, एक डिफेंडर. कधी काही झालं नाही. उगाच बाऊ चाललाय.

११:३६ सी-२०१: काका, तुमच्याकडे दोन आहेत पण जागा एकच असणार, म्हणून काही झालं नाही. तीच यादी उघडून बघा ना एकदा.

११:४८ बी-६०२: डिफेंडर बंद दाखवतोय.

११:४८ बी-६०२: आणि मी गेल्या आठवड्यात शेजाऱ्यांना अभिमानाने सांगितलं.

११:५५ सी-२०१: तुमचं चांगलं चाललंय, बदलू नका. विकतचा ठेवूनही दुसरं मत हवं असेल तर २०१६ पासून विंडोजमध्ये ‘पीरियॉडिक स्कॅनिंग’ आहे. डिफेंडर दारावर उभा न राहता अधूनमधून फेरी मारून जातो. किंवा मायक्रोसॉफ्टचा सेफ्टी स्कॅनर उतरवून एकदा चालवायचा. तो उतरवल्यापासून १० दिवसांत कालबाह्य होतो, त्यामुळे मुक्काम ठोकत नाही. मला तो ह्याच गुणामुळे आवडतो.

११:५७ ए-७०४: ताई, पण विकतचा कशाला लागतो मग?

१२:०८ सी-२०१: बऱ्याच घरांत नाही लागत, हे माझं मत. काहींना मुलांच्या वापरावर लक्ष, पासवर्ड मॅनेजर वगैरे हवं असतं, त्यांनी घ्यावा. पण एकच घ्यावा. अँटीव्हायरस जितका आत बसतो तितका चुकला की नुकसानही आतच करतो. १९ जुलै २०२४ आठवतोय ना, विमानतळांवर निळे पडदे? क्राउडस्ट्राइक या सुरक्षा कंपनीच्या एका सदोष अपडेटने सुमारे ८५ लाख विंडोज मशीन पडली, हा मायक्रोसॉफ्टचाच आकडा. तो कोणाचा हल्ला नव्हता, राखणदारच अडखळला होता. आपण हौसेने असे दोन-दोन ठेवतो. बरं, दोन्ही जण https च्या, म्हणजे साइटशी होणाऱ्या कुलूपबंद देवाणघेवाणीच्या, आत डोकावायला आपापलं सर्टिफिकेट घुसवायला लागले की एखादी साइट उघडतच नाही, आणि आपण इंटरनेटवाल्याला शिव्या देतो.

१२:१० सेक्रेटरी: म्हणजे गेल्या महिन्यात काका वायफायवाल्याशी भांडले ते...

१२:११ बी-५०३ (खजिनदार): तो विषय वेगळा होता.

१२:१४ ए-७०४: काकांना खात्री हवी होती की डिफेंडर खरंच जागा आहे. म्हणून आत्ता जाऊन आयकारची टेस्ट फाइल दाखवली. ६८ अक्षरांची साधी मजकुराची फाइल, काही करत नाही, पण सगळे अँटीव्हायरस ठरल्याप्रमाणे तिला व्हायरस म्हणतात. सेव्ह करताक्षणी उचलली 😎

१२:१५ बी-५०३ (खजिनदार): खरंच उचलली. मी दोनदा करायला लावलं.

१२:१९ सी-२०१: शाब्बास. एक तक्रार मात्र राहिली काका. अख्ख्या सोसायटीचा हिशेब एका लॅपटॉपवर, एका फाइलमध्ये. सेक्रेटरींच्या मेलमध्ये जुनी प्रत निघाली म्हणून निभावलं. दर आठवड्याला बाहेरच्या डिस्कवर एक प्रत काढा आणि डिस्क परत कपाटात. लावून ठेवायची नाही, रॅन्समवेअर, म्हणजे फायलींना कुलूप लावून खंडणी मागणारा प्रकार, आलं तर तीही बंद करून टाकेल. आणि विंडोज १० वर जे कोणी असतील त्यांनी ११ चं बघा, त्याचा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपलाय. खिडकीच उघडी असेल तर दारावर कितीही जण उभे करा.

१२:२२ बी-५०३ (खजिनदार): डिस्क आजच लावतो. म्हणजे लावतो आणि काढतो. आज मशीन बटण दाबल्यापासून दीड मिनिटात सुरू झालं. मी सवयीने तोवर पेपर घेऊन बसलो होतो, पहिलं पानही झालं नाही.

१२:२४ डी-३०२: म्हणजे थकबाकीची यादीसुद्धा परत आली का?

१२:२५ बी-५०३ (खजिनदार): आली. तुम्ही दुसऱ्या ओळीत आहात.

१२:२५ डी-३०२: हा मेसेज डिलीट करण्यात आला आहे.