सीएसटीला उतरलो पण ती फोटोतली इमारत दिसलीच नाही, असं कसं?

शेंगाचटणी:
नमस्कार मंडळी. मागच्या आठवड्यात सोलापूरहून सिद्धेश्वर एक्सप्रेसनं मुंबईला गेलतो, सोबत बहिणीचा पोरगा, सहावीतला. रात्रभर पठ्ठ्या झोपला नाही, मामा व्हीटी (म्हणजे सीएसटी, जुनं नाव) कधी येणार म्हणून कुर्डुवाडीपासनं डोकं खाल्लं. सकाळी उतरलो तर वर पत्रे, लोखंडी खांब, चहाचा स्टॉल, पार्सलच्या हातगाड्या. पोरगा म्हणतो, "मामा हे तर आपल्या स्टेशनासारखंच हाय की, घुमट कुठाय?" मी गप्प. गर्दीच्या लोंढ्यासोबत बाहेर पडलो, समोर टॅक्सी, बसलो आणि गेलो, घुमट नाही का काय नाही. आता सांगा, ती इमारत नक्की स्टेशनच आहे का अजून काय? वरची पुतळ्यातली बाई म्हणजे राणी व्हिक्टोरिया का? आणि आमच्या ग्रुपवर आलंय की ह्या स्टेशनचा नकाशा ऑस्ट्रेलियातल्या स्टेशनाशी अदलाबदल झालता, ते खरं का? पुढच्या महिन्यात परत जायचंय, तासभर मोकळा मिळेल.

गिरणीचा_भोंगा:
भावा तू मागच्या दारानं उतरून मागच्या दारानंच गेलास, आपले सगळे सोलापूरकर तेच करतात. ती फोटोतली इमारत मुळात ऑफिस आहे रे. जीआयपी (ग्रेट इंडियन पेनिन्सुला) रेल्वेचं हेड ऑफिस म्हणून बांधली, आज मध्य रेल्वेचं आहे. सी अक्षरासारखी इमारत, पोटात बाग, तोंड पश्चिमेला दादाभाई नौरोजी रोडकडं, आणि गाड्या सगळ्या तिच्या पाठीमागं. त्यातल्या त्यात लोकल तिला चिकटून लागतात, ७ नंबरपर्यंत. आपल्या मेल-एक्सप्रेस ८ ते १८ ला, पार पूर्वेकडं, आणि तो भाग १९२९ साली वाढवलेला, म्हणून साधा पत्र्याचा वाटतो. पोराला म्हणावं तू चुकला नाहीस, मामा चुकला.
वरची बाई राणी नाही, ती 'प्रगती'. एका हातात मशाल, दुसऱ्या हातात चाक. राणीचा पुतळा खाली घड्याळाच्या जवळ कोनाड्यात होता, स्वातंत्र्यानंतर काढला, कोनाडा अजून रिकामाच आहे.

जुना_गार्ड:
इमारतीचं कौतुक करा पण एक लक्षात घ्या पोरांनो, सोलापूरला गाडी आली १८६० ला आणि ही इमारत उघडली १८८७ ला, राणीच्या ज्युबिलीच्या, म्हणजे राज्याला पन्नास झाली त्या वर्षी. म्हणजे सत्तावीस वर्षं आपली माणसं बोरीबंदरच्या, म्हणजे इथल्याच आधीच्या साध्या स्टेशनातनंच ये-जा करत होती. १६ एप्रिल १८५३ ची पहिली ठाण्याची गाडी पण तिथनंच सुटली, साहिब, सिंध, सुलतान अशी तीन इंजिनं लावून. त्यात गंमत अशी की आपल्याकडं रेल्वे आली तेव्हा बोरघाटातला रेल्वेमार्ग झालाच नव्हता, तो झाला १८६३ ला. तोवर गाडीनं खंडाळ्यापर्यंत जायचं, घाट गाडीशिवाय उतरायचा आणि खाली परत दुसरी गाडी धरायची. आज एसी डब्यात झोपून जाणाऱ्यांनी उशीर झाला म्हणून ओरडू नये, असं आपलं माझं मत.

चाटी_गल्ली:
ते ऑस्ट्रेलियाचं फॉरवर्ड दरवर्षी येतंय बे, मेलबर्नचं फ्लिंडर्स स्ट्रीट स्टेशन. नुसत्या तारखा लावून बघा. आपलं काम १८७८ ला सुरू, १८८८ ला संपलं. त्यांची डिझाइनची स्पर्धाच १८९९ ला आणि इमारत १९१० ला तयार. वीस वर्षं आधी बांधून झालेल्याचा नकाशा बदलला कुणी, पोस्टमननं? व्हीटीचा आर्किटेक्ट फ्रेडरिक विल्यम स्टीव्हन्स, सरकारी बांधकाम खात्यातला माणूस, ह्या कामासाठी युरोपातली स्टेशनं बघून आला. लंडनच्या सेंट पँक्रास स्टेशनाची छाप दिसतेच, ते कोण नाकारत नाही. समोरची महापालिकेची बिल्डिंगपण त्याचीच, १८९३ ची. मेला पण मुंबईतच, १९०० ला.

शेंगाचटणी:
लई भारी माहिती ओ, धन्यवाद. काका, तुमचं ते घाटाचं ऐकून आमचा पोरगा गप्पच झाला. आता तासाभरात काय काय बघू ते सांगा, आत सोडतात का?

पार्क_चौक:
मी मुंबईत आर्किटेक्चर शिकले, तेव्हा स्केचिंगला तिथंच बसायचो आम्ही. दादा, उतरलात की पूर्वेला बाहेर पडूच नका, आतनंच लोकलच्या प्लॅटफॉर्मकडं चालत या. तिथल्या तिकीट हॉलमधे मान वर करा, निळ्या छतावर सोनेरी चांदण्या आहेत, म्हणून त्याला स्टार चेंबर म्हणतात. लोक खाली सुट्ट्या पैशावरनं भांडत असतात आणि वर हे. मग पोराला खांबांच्या माथ्यावरची नक्षी दाखवा, दगडाच्या पानांमधे प्राणी-पक्षी लपलेत. हे कोरीव काम बरंचसं जेजे स्कूल ऑफ आर्टच्या पोरांनी केलंय, म्हणजे विलायती गॉथिक साच्यात इथली माकडं आणि मोर घुसलेत. मला तर घुमटापेक्षा हेच आवडतं.
घुमटाखाली जिना आहे, पायऱ्यांचं एकच टोक भिंतीत रोवलेलं, दुसरं अधांतरी, खाली आधार नाही. पण ते ऑफिस आहे, असंच घुसायला मिळत नाही, हेरिटेज म्हणून बघायची सोय असते तिची आधी चौकशी करा. नंतर रस्ता ओलांडून महापालिकेच्या कोपऱ्यावर उभे राहा, तिथनं अख्खी इमारत दिसते. त्या काळात सोळा लाखांच्या वर खर्च झाला, २००४ ला युनेस्कोच्या यादीत गेली. आणि हो, दर्शनी भागावर, रेल्वे आणण्यात पुढं असलेले जगन्नाथ शंकरशेट आणि जमशेटजी जीजीभॉय यांची दगडी मुखं आहेत, ती शोधा. गेटच्या दोन खांबांवर एकीकडं सिंह, एकीकडं वाघ. सिंह इंग्लंडचा, वाघ आपला.

गिरणीचा_भोंगा:
आणि निघताना कडक भाकरी बांधून घे, तिथं सकाळी वडापाव सोडून काय मिळत नाही बघ.

शेंगाचटणी:
पोराला सगळं वाचून दाखवलं. म्हणतो वाघ कुठल्या बाजूला ते कुणी लिहू नका, मी स्वतः शोधणार.