मदत हवी आहे: जळगावच्या गच्चीवर लेट्यूस. बी उगवत नाही, उगवलं तर पान कडू

राम राम मंडळी.

गच्चीवर मेथी, पालक, कोथिंबीर, पातीचा कांदा बऱ्यापैकी येतो. मुलगी पुण्याहून लेट्यूसचं, म्हणजे सॅलडमध्ये कच्च्या खायच्या पानांचं, वेड घेऊन आली आहे. इथे मिळतं ते मलूल, आणि भाव ऐकला की त्यात भरिताची वांगी पिशवीभर येतील असं वाटतं. म्हणून घरीच लावायचं ठरवलं.

नवरात्रात बी टाकलं. पाकीट ‘ग्रेट लेक्स’चं, चित्रात कोबीसारखा गड्डा. कोथिंबिरीला करतो तशीच माती, वरून अर्ध्या इंचाचा थर, झारीने पाणी. दसरा उलटला तरी कुंडी कोरीच. गेल्या थंडीत एका मित्राने दिलेली रोपं मात्र छान फोफावली होती. पण महाशिवरात्रीच्या सुमारास मधूनच उंच दांडा निघाला. पान खुडलं की देठाच्या टोकाला पांढऱ्या चिकाचा थेंब जमायचा, आणि चव अशी की मुलीनेच ताट सरकवलं.

बी नक्की केव्हा टाकू? शेडनेट लागेल का? बोअरचं पाणी क्षाराचं आहे, कुंडीच्या कडेला पांढरा थर धरतो. चालेल का?

धुळ्याची ताई:
दादा, बी बहुतेक मेलेलं नाही, झोपलंय. लेट्यूसला उगवायला १५ ते २० अंश लागतात. माती तिशीच्या वर गेली की बरेचसे वाण उगवायचंच नाकारतात. ऑक्टोबरात आपल्या गच्चीची माती किती तापते ते हात घालून बघा! दुसरं म्हणजे या बियाला उजेड लागतो, अर्धा इंच मातीखाली ते गाडलंच गेलं. नुसतं पसरून वर चिमूटभर कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) भुरभुरायचं. झारीऐवजी फवाऱ्याने पाणी द्या, नाहीतर बी वाहून एका कोपऱ्यात जातं.

मी बी ओल्या कापडात गुंडाळून दोन दिवस फ्रीजमध्ये ठेवते आणि मग ट्रेमध्ये टाकते. ट्रे गच्चीवर नाही, स्वयंपाकघरात माठाच्या शेजारी. पण कोंब दिसला की त्याच दिवशी उजेडात न्या, नाहीतर रोप बारीक, लांबट होऊन आडवं पडतं. उरलेलं पाकीट डब्यात घालून फ्रीजमध्येच ठेवा. आपल्याकडचा मे महिना कपाटातल्या बियाला सोसत नाही.

भुसावळकर:
ताईंशी सहमत. पण भाऊ, मुळात वाण बदला. ‘ग्रेट लेक्स’ हे आइसबर्ग, म्हणजे गड्ड्याचं लेट्यूस, त्याचा गड्डा धरायला लांबलचक थंडी हवी. आपली थंडी म्हणजे दिवाळीनंतर सुरू आणि संक्रांत झाली की आवराआवर. सुट्ट्या पानांचं घ्या: ‘ग्रँड रॅपिड्स’, लोलो रोसो, ओकलीफ. दीड-दोन महिन्यांत पानं खायला मिळतात. बाहेरची पानं खुडायची, मधला कोंब ठेवायचा, तेच रोप पुन्हा पानं देतं. दिवाळीनंतर दर पंधरा दिवसांनी थोडं थोडं बी टाका, जानेवारीच्या मध्यापर्यंतच.

दांडा निघाला म्हणजे कांद्याला डेंगळे येतात तोच प्रकार. दिवस मोठा झाला, ऊन वाढलं की झाड फुलोऱ्याला लागतं, चीक वाढतो आणि कडवटपणा त्यातच असतो. आपली पाथरीची रानभाजीही याच कुळातली, तिच्या पानातूनही तसाच चीक येतो. दांडा छाटून गोडी परत येत नाही. डिसेंबर-जानेवारीत नेट लागत नाही, फेब्रुवारीत निम्मं ऊन अडवणारी, पन्नास टक्क्यांची लावलीत तर दोन-तीन आठवडे जास्त मिळतील. मार्चनंतर नाद सोडा.

बोअरच्या पाण्याने पानांच्या कडा करपतील. नळाचं पाणी शिळं करून द्या. आरओचं वाया जाणारं पाणी तर अजिबात नको, त्यात क्षार आणखी जास्त.

मूळ प्रश्नकर्ता:
आभारी आहे. मग लेट्यूसचं बी दिवाळीनंतरच, कुंडीत मेथी टाकतो तोवर. अजून एक, पालकावर मावा पडला होता. लेट्यूसवर पडला तर निंबोळी अर्क चालेल?

धुळ्याची ताई:
पान कच्चं खाणार असाल तर खुडायच्या आधी आठवडाभर तरी नको, चव जाते. पानाच्या खालच्या बाजूने साध्या पाण्याचा जोरात फवारा मारा. आणि कच्चं खायचं म्हणून शेणखत पूर्ण कुजलेलंच वापरा. खुडायचं सकाळी, ऊन चढायच्या आत, आणि लगेच गार पाण्यात.