मदत हवी आहे : दुधाच्या खर्चात घरच्या श्रमांची किंमत कशी धरावी?

मुंबईतील तबेले आणि संकलन केंद्राला दूध घालणारी ठाणे जिल्ह्यातील शेतकरी कुटुंबे यांच्या अर्थव्यवहाराची तुलना मी पदव्युत्तर प्रबंधासाठी करीत आहे. १९४९मध्ये स्थापन झालेल्या आरे वसाहतीतील तबेल्यांचा हिशेब सरळ आहे : दुभती म्हैस विकत येते, चारा-पेंड रोखीने घेतली जाते, गड्यांना पगार मिळतो आणि भाकड म्हैस बहुधा विकली जाते. गावाकडे मात्र वैरण, शेणगोठा, धारा हे सारे मुख्यतः घरातील स्त्रिया करतात आणि पैसे पुष्कळदा नवऱ्याच्या खात्यात जमा होतात. हे श्रम खर्चात धरले जात नसल्याने कागदावर हा धंदा आहे त्याहून किफायतशीर दिसतो.

कृषी खर्च व मूल्य आयोग पिकांसाठी वापरतो ती ‘ए-२ अधिक कुटुंबश्रम’ (प्रत्यक्ष केलेला खर्च अधिक घरच्या श्रमांची अंदाजे किंमत) ही पद्धत लावून पाहिली, परंतु शेतमजुरीचा दर दिवसावर ठरतो, तर गोठ्याचे काम पहाटे व संध्याकाळी तुकड्यातुकड्यांत चालते. शिवाय बांधावरचे गवत कापणे शेतीत धरावे की दुधात, हे त्या बायकांनाही सांगता येत नाही (आणि त्यांनी ते का सांगावे, हाही प्रश्नच आहे). आठवणीवर आधारलेली प्रश्नावली फसल्याने आता सात दिवसांची वेळनोंद ठेवणार आहे. कुटुंबे २४ आहेत, हाताशी दोन महिने आहेत आणि मदतनीस नाही.

अशा कामाला स्त्रियांच्या स्थानिक शेतमजुरीचा दर लावावा, की तबेल्यातील गड्याच्या पगारावरून तासाचा दर काढावा? आणि शेणखताचे मूल्य वजा करून मगच लिटरमागील खर्च काढावा का?