विंडोचा टायटल बार स्क्रिप्टने काढावा का?

देवगड_बागायतदार
आमच्या पॅकिंग शेडमधल्या लिनक्स डेस्कटॉपवर एक्सएफसीई हे हलकं डेस्कटॉप वातावरण आहे, स्क्रीन १३६६×७६८. पॅनेल, टायटल बार (विंडोच्या वरची नावाची पट्टी), मेनू, टूलबार यांतच एवढी जागा जाते की हंगामात पेट्यांच्या ऑर्डरींच्या शीटला ओळी पुरत नाहीत. म्हणून डेव्हिल्सपाय २ बसवलं, विंडोंना आपोआप नियम लावणारा प्रोग्राम. त्याच्या कॉन्फिग फोल्डरमध्ये लुआ या भाषेतली स्क्रिप्टची फाइल ठेवायची, नवी विंडो उघडली की ती चालते. कॅल्क (लिबरऑफिसचं स्प्रेडशीट) असेल तर टायटल बार काढून स्क्रीनभर कर, कॅल्क्युलेटर असेल तर उजव्या कोपऱ्यात सगळ्यांच्या वर ठेव. रोज तेच काम करणाऱ्याने विंडो हाताने ओढत बसू नये, असं माझं ठाम मत आहे.

रत्नागिरीकर
असहमत. एक्सएफसीईच्या ‘विंडो मॅनेजर ट्वीक्स’ या सेटिंगमध्ये स्क्रीनभर केलेल्या विंडोचा टायटल बार लपवायची सोय आहेच. एक टिचकी मारली की झालं. स्क्रिप्ट लिहिली की ती सांभाळणंही आलं.

देवगड_बागायतदार
ती सोय सरसकट सगळ्या विंडोंना लागते. मला फक्त कॅल्कचा बार नकोय. फाइल मॅनेजरचा हवाच, फोल्डरचं नाव तिथे दिसतं.

गुहागरची_लुआ
मी बागायतदारांच्या बाजूने. फक्त अट विंडोच्या शीर्षकावर लावू नका, फाइल उघडली की ते बदलतं. क्लासवर, म्हणजे ॲपच्या न बदलणाऱ्या अंतर्गत नावावर लावा. आधी डेव्हिल्सपाय डीबगमध्ये (तपासणीच्या मोडमध्ये) चालवून ती नावं छापून घ्या. आणि फायरफॉक्सकडून फार अपेक्षा नको: तो बहुतेकदा टॅबसकट वरची पट्टी स्वतःच रंगवतो, विंडो मॅनेजरने (विंडोंना चौकट देणाऱ्या प्रोग्रामने) दिलेली चौकट तिथे नसतेच.

मालवणची_वहिनी
माका पटला नाय. शेडमधलं मशीन तुम्ही एकटेच वापरता का? टायटल बारबरोबर विंडो बंद करायची फुलीही जाते, ती दिसली नाही की हिशेबाला बसलेला पोरगा अडतो. ऑल्ट-एफ४ने विंडो बंद करणं तुमच्या बोटांत आहे, त्याच्या नाही. आमच्या होमस्टेत सासूबाई बुकिंग बघतात, त्यांच्यासाठी मी उलट एक्सएचडीपीआयची (बारीक पिक्सेलच्या स्क्रीनसाठीची) जाड बटणांची थीम लावली. ज्याला कमी दिसतं त्याच्या सोयीने बदल करा.

रत्नागिरीकर
वहिनींशी सहमत. शिवाय डेव्हिल्सपाय चालतं एक्स११वर, म्हणजे लिनक्सच्या विंडो दाखवणाऱ्या जुन्या पद्धतीवर. तिच्या जागी आलेल्या वेलँडमध्ये एका प्रोग्रामला दुसऱ्याच्या विंडोला हात लावता येत नाही, सुरक्षेसाठी ते मुद्दामच तसं केलंय. उबुंटू या लिनक्सने २५.१० आवृत्तीत ग्नोम या डेस्कटॉपचं एक्सऑर्ग, म्हणजे एक्स११वरचं, सेशन काढूनच टाकलं. उद्या अपग्रेड केलंत की ही मेहनत वाया.

गुहागरची_लुआ
वाया कशी? केडीई प्लाझ्मा या दुसऱ्या डेस्कटॉपात केविन हा त्याचा विंडो मॅनेजर स्वतः जावास्क्रिप्टच्या स्क्रिप्ट चालवतो, वेलँडवरसुद्धा. नुसती चौकट हटवायची तर त्यातल्या सेटिंगमधले ‘विंडो रूल्स’ पुरतात, एकेका ॲपला वेगळा नियम लावता येतो.

रत्नागिरीकर
म्हणजे पुन्हा सेटिंगच! मी तेच म्हणतोय.

देवगड_बागायतदार
वहिनी, पोरांना वेगळं लॉगिन दिलंय. स्क्रिप्टची फाइल माझ्या होम फोल्डरमध्ये आहे, त्यांना सगळे बार दिसतात.

मालवणची_वहिनी
भाऊ, गिऱ्हाईक समोर उभं असताना लॉगआउट कोण करतं? तुमच्याच लॉगिनवर बसणार ती. कॅल्क्युलेटर कोपऱ्यात राहू दे, पण फुली परत आणा.